सासूबाई बसल्या की बंद

चढाच्या बरोबर मध्यावर, जिथे रस्ता वळतो आणि शाळेची लांबलचक भिंत सुरू होते, तिथे मोटरसायकल पुन्हा बंद पडली. खोकून, आचके देऊन, धूर सोडून पडली असती तर निदान काही अंदाज आला असता. पण ही विजेवर चालणारी. चालू असताना तिने कधी आवाज केला नव्हता आणि बंद पडतानाही केला नाही. नुसतीच थांबली.

चष्मेवाल्याने दोन्ही ब्रेक आवळून गाडी कशीबशी धरून ठेवली. मूठ पिळून पाहिली. काही नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर कोपऱ्यात लाल रंगाचं काहीतरी बारीकसं चमकत होतं. त्याने हेल्मेटमधून डोळे किलकिले केले आणि मान हलवली. बॅटरी. दर वेळी तेच.

"उतरू?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"जरा उतरता का, आई?"

सासूबाई उतरल्या. हेल्मेट काढून काखोटीला मारलं, पर्स खांद्याला लावली आणि चढ चढू लागल्या. चष्मेवाल्याने मूठ पिळली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. सासूबाईंना मागे टाकून ती पुढे गेली, तेव्हा त्याला त्यांच्याकडे बघण्याची हिंमत झाली नाही.

सासूबाईंच्या बाबतीत हिंमत न होणारा तो काही एकटाच नव्हता. त्यांनी आयुष्यभर चढावरच्या याच शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि पुढे त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. मोठ्या बाईंनी वर्गात पाऊल टाकलं की डोक्यावरचा पंखासुद्धा हळू फिरायचा, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगत. चष्मेवाल्याला लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकवता आली नव्हती.

आता त्या लेकीकडेच राहायला आल्या होत्या, त्या आपल्या धाकट्या बहिणीसाठी. मावशी चढावरच्या वस्तीत राहायची. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन ती अंथरुणाला खिळली होती. सासूबाई दिवसाआड तिच्याकडे जात आणि तिला कादंबरी वाचून दाखवत. कादंबरी रहस्यमय होती आणि मावशी नर्सला पुढचं पान वाचू देत नसे. वस्तीवर जाणारी बस बंद झाली तेव्हा चष्मेवाल्याने ही मोटरसायकल घेतली. खरं तर ती सासूबाईंसाठीच घेतली, पण असं म्हणायचं धाडस त्याने केलं नव्हतं.

गाडी घरी आली त्या दिवशी तो तिच्यासमोर नुसता उभा राहिला होता. आत स्फोट नाही, दट्ट्या नाही, तेल नाही. एका डब्यात वीज गप्प बसून आहे आणि मूठ जराशी पिळली की ती अख्ख्या माणसाला उचलून नेते. त्याला आपल्या चष्म्याच्या दुकानात रोज काचेतून प्रकाश वाकताना दिसायचा आणि त्याचंही त्याला अजून नवल वाटायचं. पण हे त्याच्या पलीकडचं होतं. आणि आता तीच गाडी सासूबाईंना चढावर उतरवून देत होती.

"बॅटरीच आहे," त्याने संध्याकाळी बायकोला सांगितलं. "पडद्यावर लाल खूण येते. ओझं वाढलं की बॅटरी दम टाकते."

बायको जनावरांची डॉक्टर होती. तिने हातातला कप खाली ठेवला.

"ओझं? हे आईला ऐकू गेलं तर तुझी बॅटरी जाईल."

"मी गाडीच्या बाजूनं बोलतोय."

"एकटा जातोस तेव्हा?"

"मस्त चढते."

"मला घेऊन?"

"तुला घेऊनपण."

"म्हणजे आईला घेऊनच बंद," बायको म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचे पेशंटही तोंडाने काही सांगत नसत, त्यामुळे असल्या कोड्यांची तिला सवय होती. "दादांना दाखव."

दादा म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. जन्मभर पेट्रोलच्या गाड्या दुरुस्त करून झाल्यावर, केस पिकायला लागले तेव्हा तो विजेच्या गाड्यांचं शिक्षण घेऊन आला होता आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्यात एक वेगळाच भक्तिभाव उतरला होता. त्याने गाडीला लॅपटॉप जोडला. पडद्यावर बॅटरीच्या आतल्या एकेका सेलचे आकडे रांगेत उभे राहिले.

"बघा भाऊ," दादा हळू आवाजात म्हणाला. "सगळ्यांचा व्होल्टेज सारखा. एकही मागे नाही, एकही पुढे नाही. शाळेतल्या कवायतीत पोरं नसतात एवढे सरळ उभे आहेत. ही बॅटरी तुमच्या-माझ्यापेक्षा निरोगी आहे."

"मग लाल खूण?"

"इथं तर काही दोष नोंदलेला दिसत नाही. गाडीच्या मते तिला काही झालेलंच नाही." दादाने डोकं खाजवलं. "मोटर बघू."

मोटर मागच्या चाकातच होती. दादाने गाडी घोडीवर चढवली, चाक जमिनीपासून उचललं आणि मोटरमधून येणाऱ्या तीन जाड वायरी सोडवल्या. "फिरवा," तो म्हणाला. चष्मेवाल्याने बोटाने चाक ढकललं. ते किती तरी वेळ आपल्याच नादात फिरत राहिलं. मग दादाने त्या तिन्ही वायरींची टोकं एकमेकींना जोडली. "आता फिरवा."

चष्मेवाल्याने चाक ढकललं आणि दचकून हात मागे घेतला. चाक जड झालं होतं. घासत नव्हतं, अडकत नव्हतं, पण कुणीतरी आत बसून ते घट्ट धरून ठेवावं तसं संथ झालं होतं. चाकाला कशाचाही स्पर्श नव्हता. वायरी सोडल्या की मोकळं, जोडल्या की जड.

"आत कोण आहे?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"चुंबक," दादा म्हणाला. "चाक फिरलं की वीज तयार होते आणि तीच वीज उलटून चाकाला धरते. मी हे रोज करतो हो, पण रोज एकदा अंगावर काटा येतोच."

दोघं बराच वेळ आळीपाळीने चाक फिरवत बसले. एक गिऱ्हाईक येऊन परत गेलं तेही त्यांना कळलं नाही. मोटर ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन गाडी त्याच वळणावर ठणठणीत बंद पडली.

मग बायकोने प्रकरण हातात घेतलं. "ओझ्याचं म्हणतोस ना? मग ओझं तपासू. आईच्या वजनाएवढी पोती लादून चढ चढव. बंद पडली तर बॅटरी, नाही पडली तर दुसरं काहीतरी."

चष्मेवाल्याला हे एकदम पटलं. दुकानात तो हेच करायचा. एका वेळी एकच काच बदलायची आणि विचारायचं, हे बरं की आधीचं? अडचण एवढीच होती की सासूबाईंचं वजन त्यांना विचारणार कोण?

बायकोच्या दवाखान्यात मोठ्या कुत्र्यांसाठी जमिनीत बसवलेला वजनकाटा होता. तिने त्यावर पायपुसणं अंथरलं आणि आईला दवाखाना बघायला बोलावलं. सासूबाई आल्या, पायपुसण्यावर उभ्या राहिल्या आणि समोरच्या खिडकीवरची धूळ बघून जे सुरू झाल्या ते थांबेचनात. बोलताना त्या हातवारे करत होत्या, त्यामुळे आकडा काही स्थिर होईना. शेवटी लेकीला म्हणावं लागलं, "आई, एक मिनिट हलू नकोस, तुझ्या खांद्यावर माशी आहे."

तेवढ्या वजनाची कुत्र्यांच्या खाद्याची पोती चष्मेवाल्याने मागच्या सीटवर उभी बांधली. थोडं वजन कमी पडत होतं म्हणून बायकोने वर सासूबाईंचं हेल्मेट ठेवलं आणि पोती घसरू नयेत म्हणून त्यांचीच जुनी शाल गुंडाळून गाठ मारली. चष्मेवाला निघाला. चढ आला, वळण आलं, शाळेची भिंत आली आणि गाडी न थांबता सरळ वर गेली. त्याने आनंदाने आरोळी ठोकली. शाळेच्या फाटकापाशी उभा असलेला एक टक्कल पडलेला गृहस्थ त्या आरोळीने वळला, मागच्या सीटकडे बघून चपापला, हातातली सिगारेट पाठीमागे लपवली आणि कमरेत वाकला. "नमस्कार, बाई!"

त्या गृहस्थाने संध्याकाळी सासूबाईंना फोन केला. "बाई, माझं काही चुकलं का? सकाळी मी नमस्कार केला तर तुम्ही बघितलंसुद्धा नाही. सिगारेट मी सोडतोय, खरंच."

सासूबाईंनी फोन ठेवला. मग त्या अंगणात गेल्या. मोटरसायकल तिथेच उभी होती, शाल गुंडाळलेल्या पोत्यांसकट.

चष्मेवाला दुकानातून आला तेव्हा त्या बाहेरच्या खोलीत ताठ बसल्या होत्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर बरं झालं असतं.

"मला पोत्यांनी मोजलंत?"

"आई, गाडीत दोष आहे की..."

"दोष माझ्यातच आहे हे दिसतंय ना. पोती जातात वर, मी जात नाही." त्या उठल्या. "मी आता तिच्याकडे जाणार नाही. फोनवर वाचून दाखवीन. तुम्हाला रोज धावपळ, वर हे ओझं."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. चष्मेवाला दारासमोर उभा राहिला. त्याला वाटलं होतं की त्या रागावतील. त्या दुखावल्या होत्या आणि सासूबाई दुखावल्या जाऊ शकतात हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं.

फोनवरचं वाचन एका बैठकीतच आटोपलं. मावशीला नीट बोलता येत नव्हतं, पण जेवढं येत होतं तेवढ्यात तिने सांगितलं, "फोन नको. तू ये." एवढं म्हणायला तिला इतका वेळ लागला की घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या जागी थांबून ऐकत राहिलं.

दादाही घरी येऊन गेला. सगळी हकिकत त्याने डोळे मिटून ऐकली. "बॅटरी चांगली. मोटर चांगली. तेवढंच वजन चढतं. बाई बसल्या की बंद, उतरल्या की चालू." त्याने आतल्या दाराकडे बघून आवाज अगदी खाली आणला. "भाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो. मी त्यांच्या वर्गात होतो. त्या आल्या की आम्हीपण असेच बंद पडायचो."

"दादा, ते यंत्र आहे."

"आम्हाला तरी तेव्हा कुठं अक्कल होती?"

आतलं दार उघडलं. दादा ताडकन उभा राहिला. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. विज्ञान शिकवलेल्या बाईला हे सहन होणं शक्यच नव्हतं.

"मला बघून गाड्या बंद पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "कारण असणारच. जावईबापू, गाडी काढा. आणि तू," त्यांनी लेकीकडे बोट केलं, "त्या वळणावर जाऊन उभी राहा. कुणीतरी बाहेरून बघायला हवं."

बायको भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. दादा तिच्या शेजारी उभा राहिला, जरा मागेच. खालून गाडी आली, नेहमीसारखी आवाज न करता. चढ लागला. सासूबाई सीटवर किंचित मागे घसरल्या, तसा त्यांनी डावा पाय पुढे घेऊन गाडीच्या अंगाला रोवला, आणि त्याच क्षणी गाडी बंद पडली.

"बघा!" चष्मेवाला ओरडला. "बघा, बॅटरीची लाल खूण!"

बायको धावत आली आणि पडद्यावर वाकली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"अरे, ही बॅटरी आहे?"

"मग काय आहे?"

"स्टँडचं चित्र आहे! इथं चक्क एक स्टँड काढलंय, तिरकं, पायासारखं. तुला दिसत नाही?"

चष्मेवाल्याने डोकं मागे घेतलं. मग पुढे घेतलं. मग पुन्हा मागे घेतलं. हेल्मेटच्या आत त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साऱ्या गावाला जवळचा नंबर काढून देणाऱ्या माणसाला स्वतःला जवळचा नंबर लागला होता, आणि ही गोष्ट त्याने गेले कित्येक महिने स्वतःपासूनही लपवली होती.

"लाल दिसतं," तो हळूच म्हणाला. "आकार जरा... पुसट आहे."

"दर वेळी हेच चित्र येत होतं?"

"असेल."

"म्हणजे ही बिचारी पहिल्या दिवसापासून सांगतेय की माझं स्टँड खाली आहे, आणि आपण तिची बॅटरी तपासतोय, मोटर तपासतोय, आईला तोलतोय!"

"तोलतोय म्हणजे?" सासूबाईंनी मागून विचारलं. "पोती अंदाजाने भरली नव्हती?"

बायकोने घाईघाईने दादाला हाक मारली.

स्टँड खाली असेल तर गाडी मुद्दामच मोटर बंद ठेवते, दादाने सांगितलं. चालवणारा पडू नये म्हणून. तो दोष नव्हे, म्हणून लॅपटॉपवर नोंदही नाही. पण स्टँड तर वर होतं, घट्ट दुमडलेलं. त्याने गुडघे टेकून डावीकडे डोकावून पाहिलं. सासूबाईंनी पाय रोवला होता त्या प्लास्टिकच्या झाकणामागेच स्टँडचा सेन्सर होता. "स्टँडवर एक छोटा चुंबक असतो," तो म्हणाला. "स्टँड खाली आलं की तो सेन्सरसमोर येतो. म्हणजे सेन्सरला जवळ चुंबक दिसला की तो म्हणणार, स्टँड खाली. पण इथं दुसरा चुंबक येणार कुठून?"

बोलता बोलता बायकोही खाली वाकली होती. तिच्या हातात दवाखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा होता. किल्ल्या एकदम हातातून सुटल्या, तिरक्या उडाल्या आणि खट् असा आवाज करून सासूबाईंच्या डाव्या घोट्याला जाऊन बसल्या. खाली पडल्या नाहीत. मोज्यावर तशाच लटकत राहिल्या.

दादाने नकळत हात जोडले.

सासूबाईंनी आपल्या पायाकडे पाहिलं, मग शाळेच्या भिंतीकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलीसारखा दिसत होता.

"पट्टा आहे," त्या म्हणाल्या. "चुंबकाचा. घोटा फार दुखतो. तिच्या नर्सने दिला."

"आई, तू?" बायकोला हसावं की रडावं कळेना. "चुंबकाच्या पट्ट्यांवर शाळेत अख्खा तास घ्यायचीस तू! थोतांड म्हणायचीस!"

"थोतांडच आहे. म्हणून तर मोज्याच्या आत घातला."

"दुखतो हे तरी सांगायचंस."

"आणि तुम्ही लगेच मला घरी बसवलं असतं. तिकडे कादंबरीत खुनी सापडायचाय."

चष्मेवाला खाली बसला. त्याने किल्ल्या ओढून पाहिल्या. चांगला जोर लावावा लागला. मोजा, त्यापलीकडे प्लास्टिकचं झाकण, एवढ्या सगळ्यातून आरपार जाऊन या घोट्याने एक अख्खी मोटरसायकल थांबवली होती. न दिसता, न बोलता. त्याला दादाच्या दुकानातलं ते जड झालेलं चाक आठवलं आणि तो थक्क होऊन नुसता त्या पायाकडे बघत राहिला.

"केवढी ताकद आहे हो यात, आई!"

सासूबाईंनी मान वर केली. "खरंच?"

"गाडी थांबते म्हणजे काय! कमाल आहे!"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं, असं बायकोचं मत पुढे कायम राहिलं. कारण तोवर त्या पट्ट्याचा सासूबाईंना काडीइतका उपयोग झाला नव्हता, तो फेकून द्यायच्या विचारात त्या होत्या. पण मोटरसायकल थांबवणारी वस्तू घोट्याची कळ थांबवणार नाही, हे त्यांच्या शास्त्रीय बुद्धीलाही पटेना. आठवड्याभरात घोटा दुखायचा थांबला. गाडीला त्रास नको म्हणून पट्टा आता त्या उजव्या पायात घालत होत्या. दुखत होता तो डावा. लेकीने हे दोनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

चष्मेवाल्याने आपल्याच दुकानात, आपल्याच खुर्चीत बसून स्वतःला नवा चष्मा लावला, खाली जवळचा आणि वर लांबचा. आता पडद्यावरचं प्रत्येक चित्र त्याला स्वच्छ दिसू लागलं. दिवसाआड गाडी चढ चढून वर जायची, मावशीच्या खिडकीखाली थांबायची आणि आतून नर्स म्हणायची, "आल्या हो बाई!" कादंबरीतला खुनी सापडला. मावशीने तो आधीच ओळखला होता. दुसरी कादंबरी सुरू झाली.

एक दिवस परत येताना चढ उतरून झाला आणि पुढे मोकळा, सरळसोट रस्ता लागला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चष्मेवाल्याने मूठ पिळली. गाडी वाऱ्यासारखी सुटली, झाडं भराभरा मागे पळू लागली आणि त्याला पुन्हा पहिल्या दिवसासारखं वाटलं. त्याने आणखी थोडी मूठ पिळली.

गाडीने एकाएकी जोर सोडला. वेग उतरत उतरत ती सायकलच्या चालीला आली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल रंगाचं स्टँड, अगदी ठसठशीत.

त्याने मान वळवून मागे पाहिलं. सासूबाई शांतपणे रस्त्याकडेची झाडं बघत होत्या. पट्टा पायात नव्हता. तो त्यांच्या हातात होता, एका टोकाला धरून डाव्या बाजूने खाली सोडलेला, आणि वाऱ्यावर झुलत होता.

"काय झालं, जावईबापू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई."

"मग सावकाश चला."

त्यांनी पट्टा वर ओढून घेतला. चष्मेवाल्याने मूठ सोडली, पुन्हा अगदी हलकेच पिळली, आणि गाडी आज्ञाधारकपणे चालू लागली.